मर्यादा विहित नसल्यास

टाकळीच्या औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधीच हेमलता दुधभाते पॅकिंगच्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून टिकल्या हिरव्या करत होत्या. समोर बायकांची रांग होती. प्रत्येकीने ओढणी जरा बाजूला सारायची, गळ्याच्या हाडाखाली चिकटवलेली रुपयाएवढी लाल टिकली पुढे करायची, हेमलताबाईंनी हातातलं तपासयंत्र तिला टेकवायचं, की झाली टिकली हिरवी. एका बाईला अर्धं मिनिट पुरे. आज एकशे बारा बायका होत्या.

सरकारी कागदांत या टिकलीला साचमापक म्हणतात. अंगात किती विष साचलंय ते ती घामावरून मोजते. सुई नको, दवाखाना नको. इथल्या बायकांच्या अंगात साचत होतं ते निर्धूल. सौर पॅनेलवर त्याचा लेप दिला की धूळ बसत नाही आणि पुसायला पाणी लागत नाही. दुष्काळी तालुक्यांतली वीज त्याने एक पंचमांशाने वाढली, हे काही खोटं नव्हतं. पण टाक्यांत लेप शिजवताना त्याच्या वाफा नसांत मुरतात. आधी बोटांना मुंग्या येतात, मग बोटांना काही कळेनासंच होतं.

हेमलताबाईंच्या खात्याने, म्हणजे रसायन सुरक्षा प्राधिकरणाने, निर्धूलची मर्यादा ठरवली होती वीस एकक. त्याच्या वर गेलं की टिकली लाल, आणि लाल टिकलीच्या माणसाला टाक्यांच्या शेडमध्ये पाठवायचं नाही, दुसरं काम द्यायचं. हा नियम करायला चौदा महिने गेले. हरकती, सुनावण्या, तज्ज्ञांचे अहवाल, पुन्हा हरकती. राजपत्रात छापून आला तेव्हा तो लागू झाला आणि रीतीप्रमाणे विधिमंडळाच्या पटलावर ठेवला गेला. तीस दिवसांत दोन्ही सभागृहांनी नको म्हटलं की असा नियम रद्द होतो. मुदत संपायला तीन दिवस असताना, भलत्याच विषयावर गोंधळ चालू असताना, ठराव आला आणि हात वर झाले. वरच्या सभागृहाने जेवणाच्या सुट्टीआधी उरकून टाकलं. त्यांचा नियम असा रद्द होण्याची ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला हेमलताबाई रडल्या होत्या, दुसऱ्या खेपेला चिडल्या होत्या. या खेपेला त्यांनी मुकाट्याने एसटीचं आरक्षण केलं.

सगळा दोष आमदारांवर ढकलून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण हिरवा रंग काही आमदारांनी ठरवला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी साचमापकाचा आराखडा करायला जे पाच जण बसले, त्यांत हेमलताबाई होत्या. टिकलीवर सरळ आकडाच दाखवावा असं एक सहकारी म्हणत होते. आकडा बघून माणसं उगाच घाबरतात, रंग पुरे, असं म्हणून हेमलताबाईंनीच त्यांना गप्प केलं. मर्यादाच ठरलेली नसेल तर कोणता रंग, हा प्रश्न निघाला तेव्हा चहा आला होता. ‘मर्यादा विहित नसल्यास हिरवा,’ असं लिहून त्यांनी कागद पुढे सरकवला. मर्यादा नाही त्याअर्थी पदार्थ निर्धोक, इतकं साधं वाटलं होतं ते. ठरलेली मर्यादा कुणी पुसूनही टाकेल, हे पाच शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कारखान्यांनी लांबून गडबड करू नये म्हणून अधिकाऱ्याने स्वतः यंत्र टेकवल्याशिवाय मर्यादा बदलायची नाही, ही खबरदारीही त्यांचीच. महिन्यापूर्वी याच खुर्चीत बसून त्यांनी याच टिकल्यांत वीसचा आकडा भरला होता; आज तोच पुसत होत्या.

रांगेत ईश्वरी वाघचौरे पुढे आली. सव्वीस वर्षांची, सडपातळ, टिकली लाल झाल्यापासून महिनाभर इथे खोकी भरणारी. तिने टिकली पुढे करायच्या ऐवजी डावा हात पुढे केला. तर्जनीवर पाण्याने भरलेला फोड होता.

“चटका बसला, मॅडम.”

“अगं, मग मलम लाव की.”

“लावते. पण मला चटका बसला, कळतंय का तुम्हाला? चपाती उलटताना तव्याला बोट लागलं आन् मी वरडले, मग हसायलाच लागले. सासू म्हणली, येडे, हसतीस काय? दोन वर्षं झाली, तवा लागलेला मला कळतच नव्हता. कातडीचा वास आला की मग बघायचं, कुठं भाजलंय.”

हेमलताबाईंनी यंत्र उचललं. त्यांना तिचा आनंद बघवत नव्हता.

“उरका मॅडम,” मागून पर्यवेक्षक नागनाथ माळगे म्हणाले. “दोन टाक्या थांबवून ठेवल्यात.” माळगे काही वाईट नव्हते. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण कायम उघडं असे, कारण ते त्यांना लावता येत नसे.

हेमलताबाईंनी यंत्र टेकवलं. टिकली हिरवी झाली. यंत्राच्या छोट्या पडद्यावर, जो फक्त अधिकाऱ्यांसाठी असतो, नेहमीप्रमाणे आजचा आणि मागचा आकडा उमटला. त्यांची नजर तिथे क्षणभर थांबली ती ईश्वरीने टिपली.

“तुमच्या यंत्रात आकडा येतो, मॅडम?”

“येतो.”

“माझा किती आलाय?”

आकडा सांगू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत कुणी विचारलाच नव्हता.

“एकतीस. महिन्यापूर्वी सत्तेचाळीस होता.”

“कितीपैकी?”

हे मात्र लिहिलेलं होतं. रद्द झालेली मर्यादा कोणत्याही अधिकाऱ्याने कोणालाही सांगू नये, सांगितल्यास कारवाई होईल, असं ठरावाच्या खालीच होतं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. पुन्हा चौदा महिने, पुन्हा हरकती, पुन्हा ही खुर्ची, या विचारानेच त्यांचे खांदे दुखू लागले. गप्प बसण्याचाही त्यांना कंटाळा आला होता.

“वीस,” त्या म्हणाल्या. “वीसच्या वर जायला नको.”

खोक्यांना चिकटपट्टी लावणारे हात थांबले. माळगे पुढे आले.

“मॅडम, हे तुम्ही बोलायला नको होतं. मला वर कळवावं लागतंय.”

“कळवा.”

ईश्वरी जागची हलली नाही. फोड आलेलं बोट तिने दुसऱ्या हाताच्या मुठीत जपून धरलं होतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

“वीसच्या वर जायला नको, आन् मी एकतीसवर. टिकली हिरवी, म्हणजे सरांना मला टाकीवर पाठवावंच लागतंय. मी नाही म्हणले तर उद्या माझ्या जागी दुसरी येती.” ती जरा थांबली. “तुम्ही शिकलेल्या आहात, मॅडम. तुम्हीच सांगा, जाऊ का मी आत?”