आधी जीप कापा!

"आत्याऽऽ, माझा बूट गेला!" शेपूट बोंबलला.

अख्खी रानफेरी गुडघाभर चिखलात उभी होती! भिंगरीची आत्या आरोग्यकेंद्रात नर्स. आजारी, थकलेल्या, एकट्या पडलेल्या माणसांना ती रोज सकाळी रानात फिरवून आणायची. झाडांना बांधलेल्या पिवळ्या फिती बघत मोठ्या झाडापर्यंत सगळ्यांनी मौन पाळायचं, खोडावर तळवे टेकून सावकाश श्वास घ्यायचा आणि मग हव्या तेवढ्या गप्पा! सुट्टीत आत्याकडे आलेली भिंगरी, तिचा चष्मेवाला चुलतभाऊ ढापण्या आणि सतत तिच्या मागे असणारा धाकटा भाऊ शेपूट, तिघंही हौसेनं जायची. आज मात्र मोठं झाड आलंच नाही, आली ती दलदल. धाप लागणाऱ्यांना सांभाळत आत्या सगळ्यात मागे होती, तिला कळेपर्यंत पुढचे रुतलेसुद्धा.

"कुणाचा पाय मोडला असता म्हणजे?" परतल्यावर केंद्राचे डॉक्टर कडाडले. "फेरी बंद!"

आजी गेल्यापासून आजोबांनी आपली खोली सोडली नव्हती. त्यांना बाहेर काढलं ते या फेरीनं. हल्ली तर ते सगळ्यांच्या पुढे चालायचे, दोन घास जास्त जेवायचे. आज घरी येऊन त्यांनी मुकाट्यानं बूट पुसले, खोक्यात भरले.

"माळ्यावर टाक," ते भिंगरीला म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

भिंगरीनं खोकं माळ्यावर टाकलं आणि तडक भावांकडे धावली.

"चला रे! फिती तर होत्या, मग वाट चुकली कशी?"

तिघं पुन्हा रानात शिरली. दलदलीच्या अलीकडे ढापण्या एका झाडापाशी थबकला.

"ही फीत आपली नाही! आत्यानं तिची जुनी ओढणी फाडून फिती केल्यात. ही प्लास्टिकची आहे. आणि झाड बघ, पार वाळलंय!"

पुढचंही झाड वाळलेलं, त्यालाही प्लास्टिकची फीत! एवढ्यात करवतीची घरघर ऐकू आली.

"मोठं झाड!" भिंगरी किंचाळली आणि तिघं सुसाट सुटली.

मोठ्या झाडाखाली दोन कामगार यंत्र सरसावून उभे होते. लांब, सावलीत, जीपशेजारी खुर्ची टाकून मुकादम चहा पीत होते.

"थांबा! ते झाड जिवंत आहे!" भिंगरी खोडाला पाठ लावून उभी राहिली.

"ए पोरी, बाजूला हो! वाळलेल्या झाडांना मी स्वतः खूण केलीय. पिवळी फीत दिसली की झाड आडवं!"

"पण ही फीत आमच्या आत्याची आहे! जवळ येऊन बघा तरी!"

"मला शिकवतेस? पिवळं म्हणजे पिवळं. फीत असेल ते कापायचं!"

भिंगरीची नजर खुर्चीला अडकवलेल्या फितीच्या गुंडाळीवर गेली. तिनं शेपटाला डोळा मारला. मुकादमांचं व्याख्यान संपेपर्यंत शेपूट जीपमागून एक चक्कर मारून परतलासुद्धा!

"बरं काका," भिंगरी साळसूदपणे म्हणाली, "मग आधी जीप कापा!"

मुकादमांनी मागे पाहिलं. जीपच्या आरशाला पिवळी फीत! खुर्चीच्या पायाला फीत! चहाच्या थर्मासलासुद्धा झोकदार गाठ!

कामगार पोट धरून हसायला लागले. करवत बंद झाली. मुकादम तणतणत उठले, झाडापाशी आले, फीत चाचपली, वर हिरव्यागार फांद्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"चुकलंच माझं. खुर्चीतूनच पिवळं बघून बोट दाखवलं मी."

संध्याकाळी डॉक्टर स्वतः घरी आले. मागून मुकादमही, मान खाली घालून.

"शाब्बास, पोरांनो! वाट चुकली ती यांच्या फितींमुळे, हे यांनीच सांगितलं मला. तुमच्यामुळे झाड वाचलं आणि फेरीही. उद्यापासून पुन्हा सुरू!" डॉक्टर म्हणाले. "पण आजोबा, सगळ्यात पुढे तुम्ही होता. वाट चुकल्याचं कळलं नाही?"

"कळलं की!" आजोबा उठून बसले. "सगळ्यांनाच कळलं होतं. पण मौन होतं ना!"

आत्यानं कपाळावर हात मारला आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो बाबा, चिखलात तरी बोलायचं!"

"भिंगरे," आजोबा म्हणाले, "ते बूट खाली काढ बघू. आणि शेपटाला एक नवा जोड आणायला हवा. उद्या तो माझ्याबरोबर पुढे चालणार आहे."