प्रतीक्षागणक

डॉ. मंदाकिनी शेवडे यांच्या प्रयोगशाळेत दसऱ्याला संगणकाची पूजा होई आणि ती त्यांचे थोरले भाऊ श्रीरंग करत. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून संगणकापुढे ठेवायची, एवढाच विधी. त्या दसऱ्याला मात्र सरस्वतीच्या रेषा थरथरल्या.

"देवीला थंडी वाजतेय बहुतेक," श्रीरंग म्हणाले. मंदाकिनीला हसू आलं नाही.

श्रीरंगांच्या मज्जातंतूंना क्षय लागला होता. आधी हात जाणार, मग आवाज, शेवटी श्वास. डॉक्टरांनी पाच वर्षं सांगितली होती. औषध एकच होतं: त्यांच्याच जनुकातल्या बिघाडावर बेतलेलं प्रथिन. ते बनवायला फार दिवस लागत नव्हते. वेळ लागणार होता तो त्याचा आकार गणिताने शोधायला.

"मग हजार संगणकांना काम वाटून द्या की," श्रीरंग म्हणाले.

इर्शाद मुजावर हा मंदाकिनीचा कॉलेजपासूनचा मित्र, प्रोसेसरची रचना करणारा. तो म्हणाला, "दादा, दूध आटवायला चार बायका बसवल्या म्हणून ते लवकर आटतं का? यात प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या उत्तरावर उभी आहे. एकच प्रोसेसर हवा, पण वेगवान. आणि असा प्रोसेसर दुकानात मिळणाऱ्या साध्या, टेबलावरच्या संगणकातच असतो."

"मग आज घ्यायचा आणि पुढच्या वर्षी बदलायचा," श्रीरंगांनी सुचवलं.

"मध्येच बदलता येत नाही. दशांशातले शेवटचे आकडे तोडायची रीत प्रत्येक प्रोसेसरची वेगळी असते. तो बारीकसा फरक वाढत जातो आणि आकार भलताच निघतो. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यात प्रयोगशाळेची संस्था खर्चाला एकदाच मंजुरी देणार."

मंदाकिनीने त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. नाव ठेवलं होतं प्रतीक्षागणक. कामाचा आकार आणि प्रोसेसरच्या वेगाची दरवर्षीची वाढ सांगितली, की घ्यावा की थांबावं हे तो सांगे. आज घेतला तर काम तीन वर्षांचं. पुढच्या दसऱ्याला येणारा प्रोसेसर दुप्पट वेगाचा, म्हणजे एक वर्ष थांबून दीड वर्ष काम. एकूण अडीच.

"तीन वर्षांत माझं काय वाचेल?" श्रीरंगांनी विचारलं.

"श्वास."

"आणि अडीचमध्ये?"

"कदाचित आवाजही. हातसुद्धा, दादा. थोडेफार."

श्रीरंग पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दसरा आहे, मंदे. मिळतोय तो घेऊन टाक."

"मुहूर्तावर प्रोसेसर चालत नाही, दादा."

हिशेब चोख होता. इतका चोख, की तिने तो प्रोग्रॅम सगळ्यांसाठी फुकट खुला केला. घेऊ की थांबू या प्रश्नाने जगात कोण छळलं जात नाही? बघता बघता तो प्रत्येक फोनवर गेला, आणि जवळजवळ प्रत्येकाला सांगू लागला: थांबा.

पुढच्या दसऱ्याला नवा प्रोसेसर आलाच नाही. कंपनीने सहा महिने मागितले. प्रतीक्षागणकाने नवा हिशेब मांडला: थांबा. सहा महिन्यांनी कंपनीने आणखी सहा मागितले. श्रीरंगांना आता खडू धरवत नव्हता. त्यांचं बोलणं कुजबुजीइतकं उरलं होतं.

भाद्रपदात एका सकाळी इर्शाद घाईघाईने आला. "कंपनीने काम बंद केलं. नवा प्रोसेसर येणार नाही. कधीच."

"पण असं कसं? वाढीचा दर गेली कित्येक वर्षं..."

"तो दर काय आभाळातून पडत होता? या वर्षीच्या प्रोसेसरच्या विक्रीतून पुढच्या वर्षीचा बनायचा. तुझ्या प्रोग्रॅमने सगळ्यांना थांबवलं. कोणी घेतलाच नाही, मग पुढचा बनणार कशातून? हवामानाचा अंदाज ऐकून लोकांनी छत्र्या घेतल्या म्हणून पाऊस थांबत नाही. इथे थांबला."

आपण भावाचे हात मागायला गेलो आणि त्याचा श्वास घालवला, हे मंदाकिनीला स्वच्छ दिसलं. मग तिने वर्षं मोजली. पाचातली दोन गेली होती, तीन उरली होती. काम तीन वर्षांचं. जुन्याच नमुन्याचा प्रोसेसर आज मिळाला तर जेमतेम पुरणार होतं. मंजुरीची वाट न बघता ती पर्स घेऊन धावली. पितृपंधरवडा होता. या दिवसांत नवी वस्तू कोणी घेत नाही, दुकानदार माश्या मारत बसलेले असतात. गर्दी नसेल, एवढाच तिला धीर होता.

दुकानापासून चौकापर्यंत रांग लागली होती.

"काय झालंय?" तिने पुढच्या बाईंना विचारलं.

"अहो, प्रतीक्षागणक नाही का तुमच्याकडे? फुकट असतं." बाईंनी फोन पुढे केला. पडद्यावर लिहिलं होतं: वाढीचा दर शून्य. थांबण्यात लाभ नाही. आजच घ्या.

मंदाकिनी रांग मोडून पुढे घुसली. लोक ओरडले. "माझा भाऊ जाईल हो!" ती रडत म्हणाली. दुकानदाराने रिकामे हात दाखवले. "संपले, मॅडम. मुंबईत, दिल्लीत, कुठेच नाहीत. दोन वर्षं खपत नव्हते म्हणून कंपनीने बनवलेच थोडे. पितृपक्षात असली झुंबड जन्मात बघितली नाही."

ती परतली तेव्हा श्रीरंग प्रयोगशाळेत आरामखुर्चीत बसले होते. तिने त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. "दादा, तुझं ऐकायला हवं होतं."

"हात मलाही हवे होते, मंदे," ते पुटपुटले. मग प्रयोगशाळेतल्या त्या जुनाट संगणकाकडे त्यांनी मानेने खूण केली. दर दसऱ्याला ते पूजा करायचे तोच. "याला किती लागतील?"

"नऊ वर्षं."

"आणि उद्या सुरू केलंस तर?"

"नऊ वर्षं आणि एक दिवस."

"मग आज कर," श्रीरंग म्हणाले.