गॅस सोडल्यावरचा अर्धा तास

तळघराच्या कॉरिडॉरमध्ये एक माणूस मांडीवर पेटी घेऊन बसला होता. कुणी हिसकावून नेईल की काय, अशा धास्तीने त्याने ती दोन्ही हातांनी धरली होती.

"ओपीडी वरच्या मजल्यावर आहे," ती जाता जाता म्हणाली. वाट चुकलेल्या नातेवाइकांना वर धाडणं हे तिचं इथलं बिनपगारी काम.

"मला खालीच यायचंय. वर म्हणाले, मापाडी बाई खाली भेटतील."

"मीच ती."

तो असा काही ओशाळला, की चिडायचं सोडून तिला हसूच आलं.

तो दुसऱ्या हॉस्पिटलातून आलेला पाहुणा, आणि धंदा तिचाच, किरणं मोजायचा. इथे कॅन्सरच्या गाठींवर न्यूट्रॉनचा झोत सोडणारं नवं मशीन आलं होतं. पहिल्या पेशंटला आत घ्यायच्या आधी बाहेरच्या माणसाने आपली यंत्रं आणून तोच झोत मोजायचा, आणि दोघांचे आकडे जुळायला हवेत, असा रिवाज. जुळेपर्यंत मशीन बंद. आणि जुळले, की पाहुणा परत!

न्यूट्रॉन मोठे लबाड. कधी एकटे म्हणून येत नाहीत, गॅमा किरणांना सोबत घेऊनच येतात. म्हणून पाण्याच्या टाकीत बोटाच्या पेराएवढी दोन चेंबर बुडवायची. एक दोघांनाही मोजतं, दुसरं जवळजवळ फक्त गॅमाला, मग वजाबाकी.

न्यूट्रॉनलासुद्धा सोबत मिळते, तिच्या मनात यायचं. आई भावाकडे, दूरच्या गावी. सबंध दिवसात तिच्याशी कुणी बोललं तर लिफ्टपाशी. तळघरात मोबाईल चालत नसे. भिंतीवरचा फोन वाजलाच, तर कुणीतरी कँटीन समजून चहा मागवायचं.

पहिल्या दिवशी आकडे जुळले नाहीत.

"तुमचा कमी आलाय," तो म्हणाला.

"कशावरून? तुमचाच जास्त असेल."

"असेल बुवा. पाहुण्याने भांडू नये."

"भांडा की... इथे भांडायलासुद्धा कुणी नसतं."

ती हसत म्हणाली खरी, पण त्याने मान वर करून तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तिने उगीचच टाकीची काच पुसली.

चेष्टा वेगळी, पण हा फरक साधा नव्हता. तिचा आकडा चुकून कमी असेल, तर झोत आहे त्यापेक्षा कमजोर वाटणार, आणि पेशंटला ठरल्याहून जास्त डोस जाणार.

दुसऱ्या दिवशी तिने चेंबरमधली हवा हाकलायला आत गॅस सोडला आणि दोघं गप्पांना बसली. त्याला भात अजून धड जमत नाही, कामात शीळ घालतो म्हणून सहकारी वैतागतात... बोलता बोलता त्याचा चहा गार झाला, तिचा तर प्यायचाच राहिला. आकडे मात्र झकास जुळले!

तिसऱ्या दिवशी त्याला मोठ्या डॉक्टरांनी वर अडकवून ठेवलं. तिने एकटीने मोजलं, आणि पुन्हा फरक. खाली आल्यावर त्याने केबल तपासल्या, थर्मामीटर बदलला, डोकं खाजवलं. काही केल्या उलगडेना.

संध्याकाळी घरी आपलं एकुलतं ताट विसळताना तिला उलगडलं. हात नळाखाली तसाच राहिला.

आता सांगितलं, तर तो उद्याच जाणार. नाही सांगितलं, तर अजून चार दिवस केबल तपासत बसेल... किती सोपं होतं! पण एका शाळेतल्या बाई, घशाला गाठ झालेल्या, मशीन सुरू व्हायची वाट बघत रोज लिफ्टपाशी भेटायच्या. बसल्या आवाजात विचारायच्या, "झालं का गं मोजून?" त्यांना काय सांगायचं?

सकाळी तो येताच ती म्हणाली, "चूक सापडली. यंत्राची नाही, माझी."

"म्हणजे?"

"गॅस सोडल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. मी दहा मिनिटांत उठते. आतली हवा पुरती निघतच नाही, आणि आकडा कमी पडतो."

"तुम्ही? नियम तर तुम्हाला पाठ—"

"पाठ आहे हो! पण इथे एकटीने नुसतं बसून बघा कधी. आपलाच श्वास ऐकू येतो. परवा तुम्ही बोलत होता, म्हणून वेळ कळला नाही... म्हणून जुळलं."

तो हळूच म्हणाला, "मी गेल्यावर काय कराल?"

"बसेन. वर पेशंट आहेत, बसावंच लागेल." तिने पुन्हा टाकीची काच पुसली. "पण तुम्ही गेलेलं मला मुळीच आवडणार नाही. झालं, सांगून टाकलं."

त्याचे कान लाल झाले. त्या दिवशी दोघं पुरता अर्धा तास बसली, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. आकडे जुळले. संध्याकाळी पेटी बांधली गेली.

लिफ्टच्या दारात त्याने एवढंच विचारलं, "दर सोमवारी मोजता ना? कधी?"

"सकाळी, आल्या आल्या. का?"

"सहज."

सहज! तिला रडूच आलं. जीव उघडा करून दाखवावा, आणि समोरच्याने वेळ विचारून चालतं व्हावं...

सोमवार आला. आज शाळेतल्या बाईंच्या उपचाराचा पहिला दिवस. त्या वर लवकरच येऊन बसल्या होत्या. तिने गॅस सोडला, स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवले. पाच मिनिटं झाली असतील-नसतील, पायांना उठायची घाई झाली. तिने ओठ चावून त्यांना बसवलं.

भिंतीवरचा फोन खणाणला.

"हे कँटीन नाही," ती वैतागून म्हणाली.

"माहितेय. गॅस सोडलास?"

सोडलास... तिने रिसीव्हर घट्ट धरला. "सोडला."

"मी पण इकडे आत्ताच सोडला. आमची मोजणी गुरुवारी असायची, भांडून सोमवारी आणली. सगळे माझ्या नावाने खडे फोडतायत."

"मग... आता?"

"आता अर्धा तास तू उठायचं नाहीस. मीही उठणार नाही. पुढच्या सोमवारीही, आणि त्याच्या पुढच्याही... चालेल?"

तिने पायाने स्टूल ओढून भिंतीशी आणलं आणि टेकून बसली.

"बोल," ती म्हणाली. "भात जमला का?"