पाचवी बाटली

भुताखेतांना मी कधी भीक घातली नाही, आजही घालत नाही. पण झालं ते सांगते, ऐका.

साबणाच्या कारखान्यात वास तपासायचं माझं काम. माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय माल बाहेर पडत नसे. साथीच्या तापात मीही आडवी झाले. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. शेजारच्या शेगडीवर दूध करपून कोळसा झालं तरी मला पत्ता नाही. नवरा धावत आला तेव्हा कळलं. रडले त्या दिवशी, खोटं कशाला बोलू.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाकाला पुन्हा शिकवायचं. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. दिवसातून दोनदा, प्रत्येक बाटली वीस सेकंद. वास येवो न येवो, तो आठवत हुंगायचं."

मी सरळ साहेबांपुढे उभी राहिले. "माझा वास गेलाय. तीन महिने द्या."

"तीन महिन्यांनी परीक्षा घेईन," ते म्हणाले. "जमलं नाही तर पॅकिंगला."

पॅकिंग! एवढी वर्षं नाक चालवून आता खोकी चिकटवू?

माझ्याआधी या कामावर मोठ्या बाई होत्या. मला त्यांनीच शिकवलं. त्यांचाही वास अशाच एका तापात गेला होता, पण त्यांनी ते लपवलं. वर्षभर बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून उत्तरं देत राहिल्या. शेवटी पकडल्या गेल्या, पॅकिंगला गेल्या आणि सहा महिन्यांत वारल्या.

सकाळचा सराव मी घरी करायचे, दुसरा जेवणाच्या सुट्टीत, नमुन्यांच्या खोलीत दार लावून. भर दुपार, यंत्रं बंद, सगळं शांत. दुसऱ्या महिन्यात एकदा गुलाबाची बाटली नाकाशी धरली, आणि माझ्या श्वासाबरोबर आणखी एक श्वास ऐकू आला. लांब, ओढून घेतलेला... अगदी खांद्याशी.

मी श्वास रोखला. तो चालूच.

अंगावर सर्रकन काटा आला. वळून पाहिलं, कोणी नाही. पण हातातली बाटली हळूच डावीकडे कलत होती... कोणीतरी आपल्याकडे ओढावी तशी.

"मोठ्या बाई," मी म्हटलं. आवाज कापत होता, पण म्हटलं. "हे वीस सेकंद माझे आहेत. माझं झाल्यावर तुम्ही घ्या."

बाटली सरळ झाली.

घरी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "दोन्ही वेळा घरीच कर ना."

"का म्हणून? खोली माझी, नाक माझं. मी नाही हटणार."

रोज गेले. दहाव्या आठवड्यात लिंबू आलं. पुसट, पण आलं! मी एकटीच हसले, एकटीच रडले. बाजूचा श्वास मात्र नुसता आत ओढला जायचा, सुटायचा कधीच नाही. त्यांना काही आलं नसावं. मला फार वाईट वाटलं हो.

मग बाकीचे वासही एकेक करून परतू लागले. परीक्षा त्याच खोलीत झाली. साहेब आणि मी, समोर बिनचिठ्ठीच्या पाच बाटल्या. लिंबू. निलगिरी. गुलाब. पुदिना. पाचवी नाकाशी धरली. काहीच नाही. पुन्हा हुंगली. काहीच नाही. तेवढ्यात कानाशी, अगदी हळू...

"लवंग..."

एक शब्द, की नोकरी शाबूत. पण दुसऱ्याच्या नाकावर मी जगणार नव्हते.

"साहेब, याचा मला वास येत नाही. लिहा तसं."

साहेबांनी बाटली उचलली. "साधं पाणी आहे. उद्यापासून कामावर या." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मोठ्या बाईंनाही मी पाणीच दिलं होतं. त्या लवंग म्हणाल्या होत्या..." त्यांनी माझ्या खांद्यामागे पाहिलं. "मघाशी... तुम्हीही ऐकलंत?"

"ऐकलं," मी म्हटलं. "त्यांना राहू दे इथेच."

तेव्हापासून साहेब त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. मी टाकते. माझं झालं की बाटल्या वीस सेकंद उघड्या ठेवते, त्यांच्यासाठी. परवा मात्र निलगिरीपाशी तो श्वास थांबला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सुटला... माझ्या मानेवर.

गरम होता.