राखून ठेवलेली प्रत

"सलीलदादा, लवकर खाली ये. वाय-फाय अजून आलेलं नाही, आणि चारला मुलाखत आहे."

नूपुरचा आवाज रडवेला होता. वरच्या मजल्यावरचा सलील दोन जिने उतरून आला तेव्हा साडेतीन वाजले होते. पुण्याच्या कंपनीची सोमवारची मुलाखत अशीच बुडाली होती. आजची संधी शेवटची, आणि मुलाखत लॅपटॉपवरच द्यायची होती.

कोलकात्यातल्या डमडमच्या त्या फ्लॅटमध्ये तिघंच राहत. नूपुर, तिचा भाऊ अजेय आणि वडील श्यामसुंदर. ते बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले. गॅसची पावतीसुद्धा आधी झेरॉक्स काढून मगच कुणाच्या हाती देणारे. आई वर्षापूर्वी गेली होती.

सगळ्यांचे फोन नीट चालत होते, म्हणजे राउटर निर्दोष. नूपुरच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर मात्र वाय-फायचा मागमूस नव्हता. सलीलनं भराभर आज्ञा टाइप केल्या. वाय-फायचं कार्ड जागेवर होतं, पण ते चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, सुरूच होत नव्हता.

"पासवर्ड कुणाला माहीत आहे?"

"तिघांनाही."

"रविवारी दुपारी घरी कोण होतं?"

"सगळेच. का?"

"तेव्हा कुणीतरी इथल्या फाइलमध्ये ओळ घातलीय. हा ड्रायव्हर सुरू करू नये, अशी."

नूपुरनं अजेयकडे पाहिलं. तो सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपनीत लिनक्सचंच काम करायचा, आणि तिच्या पुण्याला जाण्यावरून आठवडाभर तिच्याशी भांडत होता.

"माझ्याकडे काय बघतेस?" अजेय म्हणाला. "मी भांडतो ते तोंडावर."

फाइलशेजारी आणखी एक फाइल होती. ती पाहून सलीलला वाईट वाटलं. घरच्या भानगडीत आपण उगाच पडलो, असं झालं त्याला.

"अजेय नाही," तो म्हणाला. "बदल करण्याआधी मूळ फाइलची प्रत काढलीय, नावात तारीख घालून. कायमचं मोडायचं असतं तर मूळ कशाला जपलं असतं? मुलाखत टळली की सगळं पूर्ववत करायचं होतं. प्रत काढल्याशिवाय कशालाही हात न लावणारा माणूस या घरात एकच आहे. काका?"

श्यामसुंदरांनी मान खाली घातली. "मीच केलं."

"बाबा, राहा म्हणायचंस. मी राहिले असते."

"म्हणूनच म्हणालो नाही. जन्मभर मला बोल लावला असतास. वाय-फायला कोण बोल लावतं?"

नूपुरला हुंदका आवरेना. श्यामसुंदरांनी लॅपटॉप ओढून घेतला, मूळ फाइल जागेवर ठेवली आणि तो पुन्हा सुरू केला. चारला पाच मिनिटं असताना वाय-फाय आलं.

"डोळे पूस," ते म्हणाले. "ते लोक बघतील."