फेर्लिसीचा उजवा हात

आमच्या घरात छिन्नी बापाकडून मुलाकडे जाते. वडिलांनी ती माझ्या धाकट्या भावाला, इन्यात्सिओला दिली. दगड मला जास्त कळायचा, हे त्यांना माहीत होतं. मग तसंच चालत राहिलं. अवघड काम मी करायची, खाली नाव त्याचं.

गेल्या वर्षी नगरपालिकेने त्याला गास्पारे फेर्लिसीचा पुतळा करायला सांगितला. तीनशे वर्षांपूर्वी भूकंपात आमचं गाव जमीनदोस्त झालं, तेव्हा ही वळणदार, नक्षीने लगडलेली चर्चं उभारणारा वास्तुकार तो. कंपास धरलेला उजवा हात मी कोरला. अकरा दिवस लागले. चेहरा इन्यात्सिओने हट्टाने स्वतः केला. बरा केला.

अनावरणाला पाद्रीबाबा म्हणाले, "इन्यात्सिओ, हात काय केलायस रे! शिरा मोजून घ्याव्यात."

तो हसत मान डोलवत राहिला. मी मागे खुर्च्या लावत होते.

मग रोज दुपारी, गाव जेवून झोपलं की मी चौकात जायला लागले. त्या दगडी हातावर हात ठेवून उभी राहायचे. भर उन्हातही तो गार असायचा. एकदा मी म्हटलं, "हा चेहरा नसता तर." एवढंच.

आठवड्याने चौथऱ्यावर पांढरी भुकटी दिसली. चिमूटभर. मी फुंकून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दगड भुसभुशीत निघाला असेल म्हणून शिडी लावून माप घेतलं. नाक दोन मिलिमीटरने कमी. हात जसाच्या तसा.

"कुणीतरी मुद्दाम घासतंय," इन्यात्सिओ जेवताना म्हणाला. "जळतात लोक." माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

तीन दुपारी मी पहारा दिला. कुणी फिरकलं नाही. फक्त कानस फिरल्याचा बारीक आवाज येत होता, अगदी जवळून.

महिन्याभरात ओठ गेले. मग डोळे. मला वाईट वाटायला हवं होतं. मी मात्र नटून बघायला जायचे.

नगरपालिकेचा माणूस घरी आला. भावाच्या देखतच म्हणाला, "व्हेनेराबाई, चेहरा आता तुम्ही करा. उरलंय ते तासून टाका. सही तुमची."

इन्यात्सिओ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी लगेच हो म्हटलं.

काल मोम्मो न्हाव्याने मला रस्त्यात गाठलं.

"भावाला बरं नाही का गं?"

"का?"

"दाढीला आला होता. साबण लावला, वस्तरा फिरवला..." तो घुटमळला. "हनुवटीशी वस्तरा वळवावाच लागला नाही."

घरी आले. इन्यात्सिओ पाठमोरा बसला होता.

"ताई, ते काम नको घेऊस."

शब्द सपाट येत होते, ओठ न मिटता बोलावं तसे.

"उद्यापासून सुरू करतेय," मी म्हटलं. "सही माझी असणार आहे."

मी त्याच्या पुढ्यात गेले नाही. त्याचा चष्मा टेबलावर उघडा पडला होता.

"चष्मा घाल ना," मी म्हटलं.

"राहत नाही गं," तो म्हणाला.