बाल्तासारचा कोरडा गाल

"तो रंग काही जुळायचा नाही."

हासिंता एवढ्या जोरात दचकली, की बोटावरचा तपकिरी रंग तिच्याच गालाला फासला गेला. बाहेर जानेवारीचा बोचरा पाऊस कोसळत होता, चर्चमध्ये चिटपाखरू नसणार असं धरून ती आली होती. रंगांच्या डब्या घेऊन ती, बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या तीन राजांच्या चित्रासमोर उकिडवी बसली होती. पाचशे वर्षांपूर्वी कुण्या चित्रकारानं काढलेलं ते चित्र पेन्यालोसा गावाचा जीव की प्राण होतं. म्हातारा मेल्चोर आणि तांबूस दाढीचा गास्पार मान खाली घालून बाळ येशूकडे बघताहेत, आणि तिसरा राजा, तरुण, काळा बाल्तासार, कानात मोती घालून थेट बघणाऱ्याकडेच बघतोय. ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून.

"तुम्हाला हो काय कळतं रंगातलं?" असं फणकारून हासिंता वळली, आणि पुढचे शब्द तिनं गिळले.

मागे एक उंच, काळा तरुण उभा होता. अंगात भिजलेला कोट आणि ओठांच्या कोपऱ्यात तसंच दाबलेलं हसू.

"थोडंफार कळतं," तो गंभीरपणे म्हणाला, "जन्मल्यापासूनचा अनुभव आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं हासिंताला झालं. धरणी मात्र जागची हलली नाही. तो खळखळून हसला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

"मी तीनो. पुरा नर्सचा मुलगा. जनावरांचा डॉक्टर होऊन परत आलोय."

"अय्या! आमच्या दुकानाची काच फोडणारा तीनो?"

"मी गोलकीपर होतो. काच माझ्यामागे होती, यात माझा काय दोष?"

पुरा नावाच्या त्या नर्सला कोण ओळखत नव्हतं! ती समुद्रापलीकडच्या गिनीहून आली होती आणि अर्धं गाव तिच्या हातावर जन्माला आलं होतं. हासिंतासुद्धा.

तिनं तक्रारीच्या सुरात आपली अडचण सांगितली. उद्या नाही परवा तीन राजांची मिरवणूक. तिचे बाबा, औषधांच्या दुकानाचे मालक एवारिस्तो, दरवर्षी बाल्तासार होतात. ते कणकेसारखे गोरे, त्यांना काळं करायचं काम लेकीचं. आणि दरवर्षी फजिती! कधी ते कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे दिसतात, कधी पॉलिश केलेल्या बुटासारखे.

"कारण तू एकच डबी वापरतेस. नीट बघ," तीनो चित्राजवळ वाकला. "कपाळावर निळसर आहे, गालावर लाली आहे, नाकाच्या शेंड्यावर सोनेरी. या चित्रकारानं कुणाला तरी समोर बसवून काढलंय. माणूस पाहिलाय त्यानं."

"मग... तुमचा हात द्या."

"पहिल्याच भेटीत?"

"रंग जुळवायला!"

त्यानं बाही वर सरकवली. तिनं त्याच्या मनगटावर एकेक ठिपका लावला. एकही जुळेना. पण बोट तिथून उचलायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

"नाडी फार जोरात चाललीय तुमची," ती हळूच म्हणाली.

"थंडी आहे ना..."

"थंडीनं नाडी अशी धावते होय, डॉक्टर?"

डॉक्टरांनी घाईघाईनं बाही खाली ओढली.

मिरवणुकीसाठी बाहेरगावाहून उंट आले होते आणि त्यांना तपासायचं काम तीनोकडे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हासिंता त्यांच्या तबेल्यात उंट बघायला गेली. दुपारी, उंट पुन्हा एकदा नीट बघायला. संध्याकाळी गरम चॉकलेटचा थर्मास घेऊन.

"उंट चॉकलेट पीत नाहीत," तीनो म्हणाला.

"मग तू पी. वाया कशाला घालवायचं?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. उंटाला कळलं असावं, त्यानं तोंड फिरवलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. एकाच कपातून आळीपाळीनं घोट घेताना तिनं सहज विचारलं, "तूच का होत नाहीस रे बाल्तासार?"

तीनो थबकला. "विचारलं होतं मी मिरवणुकीच्या समितीला. म्हणाले, पोरं तुला ओळखतील. राजा कसा, ओळखू न येणारा हवा."

"आणि आमच्या बाबांना नाही ओळखत? त्यांचं नाक तर चर्चच्या मनोऱ्यावरून दिसतं!"

तो हसला नाही. उंटाच्या मानेवरून हात फिरवत, तिच्याकडे न बघता तो बोलू लागला.

"लहान होतो मी. गावात माझ्यासारखी दिसणारी एक आई, आणि एक तो चित्रातला राजा. एवढीच माणसं. एका वर्षी मिरवणुकीच्या संध्याकाळी, भेट मागायला मी बाल्तासारच्या मांडीवर बसलो. केवढा खूश होतो सांगू! त्याच्या कानात म्हटलं, 'तू माझ्यासारखा आहेस.' त्यानं माझा पापा घेतला. मी त्याच्या गालाला हात लावला, तर... बोटं काळी झाली. खाली गोरा गाल." त्यानं उंटाचा दोर उगाच सोडून पुन्हा बांधला. "त्यानंतर दरवर्षी त्या संध्याकाळी मी घराबाहेर पडलोच नाही. कधीच."

तो राजा कोण होता हे त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

"उद्या तू बाबांना रंगव, हासिंता. माझा राग नाहीये. फक्त मला बघायला बोलवू नकोस."

राग नाहीये म्हणाला, पण थर्मास परत देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली नाहीत. तेवढंच तिला रडवायला पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एवारिस्तो खुर्चीत बसले. आज त्यांचा उत्साह नुसता उतू जात होता. "तुझी आई गेल्यापासून वर्षातून ही एकच संध्याकाळ मी पोटभर हसतो बघ. जरा दाट लाव गं, मागच्या वर्षी कानामागे राहिलं होतं."

अर्धा चेहरा झाला आणि हासिंताचा हात थांबला. एकीकडे बाबांची ती एकच संध्याकाळ, दुसरीकडे तीनो.  तिनं डबी खाली ठेवली.

"बाबा... तुमच्या मांडीवर एकदा पुरा नर्सचा मुलगा बसला होता."

आणि तिनं सगळं सांगून टाकलं. आपलं मन त्याच्यावर जडलंय, तेही.

एवारिस्तोंनी आरशात बघत आपल्या काळ्या गालाला बोट लावलं आणि ते निरखलं.

"लाल स्वेटर घातला होता त्यानं," ते म्हणाले. "माझ्या गालाला हात लावला, बोटं पाहिली, नि उतरून चालता झाला. भेटसुद्धा घेतली नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्या तोंडाला लसणीचा वास आला असेल!"

ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. डोळ्यांतलं पाणी रंगातून वाट काढत खाली ओघळलं.

"पूस."

"बाबा, तुमची संध्याकाळ—"

"पूस म्हणतो ना! समितीला मी बघून घेतो."

पण पूर्ण पुसायलाही ते थांबले नाहीत. अर्ध्या काळ्या, अर्ध्या गोऱ्या तोंडानं, मुकुट कोटाखाली धरून गावचे प्रतिष्ठित औषधवाले भर पावसात तबेल्याकडे धावत सुटले. मागून हासिंता राजाचा झगा सावरत धावली.

तीनो दारात उभा राहून बघतच राहिला.

"पोरा," धापा टाकत एवारिस्तोंनी मुकुट पुढे केला, "तुझी भेट द्यायची राहून गेली होती. उशीर झाला. माफ कर."

तीनोनं आधी मुकुटाकडे पाहिलं, मग त्या ओघळलेल्या तोंडाकडे. पुढे होऊन त्यानं आपल्या रुमालानं त्यांचा उरलेला गाल पुसला. मग मान झुकवली, आणि एवारिस्तोंनी मुकुट चढवला. हासिंतानं स्वतःच्या कानातला मोती काढून त्याच्या कानात अडकवला. त्याआधी दोनदा तो तिच्या बोटांतून निसटला.

"थंडी आहे ना," तीनो कुजबुजला.

"गप्प बस."

संध्याकाळी पाऊस थांबला आणि बाल्तासार उंटावरून चौकात आला. सगळ्यांच्या माना वर झाल्या. समितीचे लोक नखं खात होते. तेवढ्यात एक चिमुरडी किंचाळली, "हा तर माझ्या सशाचा डॉक्टर!"

झालं! समितीनं कपाळावर हात मारला. पण बाल्तासारनं वाकून तिला उंटावर घेतलं. तिनं त्याचा गाल चोळला. पुन्हा चोळला. मग आपली बोटं निरखून पाहिली आणि हात उंच करून सगळ्यांना दाखवली.

"रंग निघत नाही! खरा आहे! आपल्या सशांना खरा राजा तपासतो!"

चौक नुसता दणाणून गेला. बँडवाल्यांनी सूर सोडला, बाल्कन्यांमधून लोक ओरडू लागले, पुरा नर्स हमसून हमसून रडली. सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते ते एवारिस्तो. ते उंटाच्या बाजूनं चालत मुठी भरभरून लिमलेटच्या गोळ्या उधळत होते आणि पोटभर हसत होते.

मग राजे सिंहासनांवर बसले आणि पोरांची रांग लागली. प्रत्येकानं मांडीवर बसायचं आणि राजाच्या कानात आपली मागणी सांगायची. आज बाल्तासारची रांग सर्वांत लांब होती. सशाच्या मालकिणीमागे त्या रांगेत हासिंताही उभी होती, बाबांना रंगवताना गालावर पुन्हा लागलेला तपकिरी डाग तसाच घेऊन.

तिची पाळी आली. राजानं भुवया उंचावल्या. "वर्षभर शहाण्यासारखी वागलीस?"

"मुळीच नाही."

"मग काय हवंय?"

ती वाकली आणि त्याच्या कानात, मोत्याशेजारी, एकच शब्द बोलली. "तू."

राजा सिंहासनातून पुढे झुकला. त्यानं तिचा चेहरा ओंजळीत घेतला आणि अख्ख्या गावासमोर तिच्या गालाचा पापा घेतला. डागाच्या अगदी मधोमध.

"हासिंते, आटप! मागे पोरं खोळंबलीत!" एवारिस्तो ओरडले.

पण पोरांचं लक्ष तिकडे नव्हतंच. ती टाळ्या पिटून नाचत होती, कारण या वर्षी रंग राजाच्या ओठांना लागला होता.